मेणबत्तीच्या उजेडातलं दृश्य एचिंगमध्ये कसं आणायचं: जुनी डच पद्धत, पायरीपायरीने

रात्रीचं एचिंग (धातूच्या प्लेटवर मेणाचा थर देऊन, तो सुईने उघडून, उघड्या रेषा केमिकलने खाऊ देऊन छापलेलं चित्र) करायला घेतलं की बहुतेकांची प्लेट एकाच ठिकाणी फसते. अंधार काळा यायच्या ऐवजी राखाडी येतो, तोही डागाडागांचा, मग तो काळा करायच्या नादात प्लेट अजून अर्धा तास बाथमध्ये म्हणजे धातू खाणाऱ्या केमिकलमध्ये टाकली जाते आणि बाहेर येते ती आणखीच राखाडी होऊन. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे चित्रात मेणबत्ती तर आहे, पण तिचा उजेड कुणावर पडलाय तेच कळत नाही. या दोन्ही गोष्टींसाठी लोक स्वतःच्या ड्रॉइंगला दोष देतात आणि ते बरोबर नाही, ड्रॉइंग चांगलं असलेल्यांचंही हेच होतं, कारण चूक क्रमात असते. अंधार एका दमात आणायला जायचं नाही, तो तीन-चार थरांत चढवायचा, आणि ज्योत काढायचीच नाही, ती कागदाचा पांढरा म्हणून शेवटपर्यंत राखून ठेवायची. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

खालची सगळी पद्धत तांब्याच्या प्लेटसाठी आहे. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत झिंकच्या प्लेटवर नायट्रिक अ‍ॅसिडने शिकवतात, तुमची तीच सवय असेल तर वेळा आणि केमिकल इथून जसेच्या तसे उचलू नका, फक्त क्रम घ्या.

१. आधी दोन प्रिंट नीट बघा

हे टाळून पुढे जाऊ नका. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटची दोन छोटी एचिंग्ज नमुना म्हणून धरा. पहिलं साधारण १६४२ चं, टेबलाशी मेणबत्तीच्या उजेडात बसलेल्या विद्यार्थ्याचं, आकार जेमतेम १५ बाय १३ सेंटीमीटर. दुसरं १६५१ च्या आसपासचं, तीन राजांच्या सणाला म्हणजे ६ जानेवारीच्या सुमारास मुलं कागदी ताऱ्याचा कंदील घेऊन अंधाऱ्या गल्लीतून फिरतायत ते, ते तर पोस्टकार्डाएवढंच आहे. दोन्ही अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर मोठ्या रिझोल्युशनमध्ये फुकट बघता येतात, मोबाइलवर बघू नका, मोठ्या स्क्रीनवर झूम करून बघा.

झूम केल्यावर तीन गोष्टी शोधायच्या. एक, सगळ्यात काळ्या कोपऱ्यातसुद्धा रेषांच्या मधे बारीक बारीक पांढरे ठिपके शिल्लक आहेत का. आहेत. अंधार ठोस काळा भरलेला नाही, वेगवेगळ्या दिशांच्या रेषांची जाळी एकावर एक चढवलेली आहे आणि त्या उरलेल्या ठिपक्यांमुळेच तो अंधार खोल वाटतो, सपाट वाटत नाही. दोन, निव्वळ कोरा कागद कुठे आहे. विद्यार्थ्याच्या चित्रात तो जवळजवळ फक्त ज्योतीपाशी आहे, चेहऱ्यावरसुद्धा रेषा आहेत. तीन, वस्तूंच्या कडा कुठे हरवतात. डोकं हाताला टेकवून बसलेल्या त्या माणसाची बाह्यरेषा शोधायला गेलात तर अर्धी सापडतच नाही, ती अंधारात विरघळलेली आहे.

जोडीला हेंड्रिक गाउटचं १६१२ चं एनग्रेव्हिंग (केमिकलशिवाय थेट कोरलेल्या प्लेटचं प्रिंट) बघा, फिलेमन आणि बॉसिसच्या घरी आलेले ज्युपिटर आणि मर्क्युरी, आडाम एल्सहायमरच्या चित्रावरून केलेलं. विषय पुराणातला पण प्रत्यक्षात दिव्याच्या उजेडातलं गरीब म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे. गाउटने अंधार ब्युरिनच्या (धातू कोरायचं टोकदार हत्यार) घट्ट, शिस्तबद्ध समांतर रेषांनी आणलाय, रेम्ब्रांटने मोकळ्या सुईने. दोन्ही चालतं, पण एका प्लेटवर दोन्ही नका करू. पहिल्यांदा करणाऱ्यांनी रेम्ब्रांटचा रस्ता धरावा, गाउटचा रस्ता हातात ब्युरिन पूर्ण बसल्याशिवाय जमत नाही.

२. उजेडाचा नकाशा

रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, एकच मेणबत्ती लावा आणि कुणालातरी तिच्याशेजारी रोजचं काहीतरी काम करत बसवा. वाचणं, शिवणं, भाजी निवडणं, हिशोब लिहिणं, काहीही. विषय जितका साधा तितकं बरं, डच प्रिंटमध्येही हेच आहे, अभ्यास करणारा माणूस, रस्त्यात फिरणारी मुलं.

मोबाइलने फोटो काढून त्यावरून काम करू नका, हे मी कळकळीने सांगतेय. आजकालचे कॅमेरे रात्रीचा फोटो आपोआप उजळ करतात, सावलीतलं सगळं वर आणतात आणि ज्योत जाळून टाकतात, म्हणजे तुम्हाला जे शिकायचंय नेमकं तेच फोटोतून गायब होतं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि मग कोळशाने राखाडी किंवा ब्राऊन कागदावर स्केच करा.

स्केच करताना काय बघायचं ते सांगते. उजेड अंतराप्रमाणे खूप झपाट्याने कमी होतो, ज्योतीपासून ३० सेंटीमीटरवर जेवढा असतो त्याच्या फक्त चौथा हिस्सा ६० सेंटीमीटरवर उरतो, आणि ९० वर नववा. म्हणून मेणबत्तीजवळचा हात लख्ख असतो आणि त्याच माणसाचा खांदा जवळपास गेलेला असतो. नवशिक्यांच्या चित्रात अख्खा माणूस सारखाच उजळ असतो आणि म्हणून ते दिव्याखालचं वाटतं, मेणबत्तीचं वाटत नाही. दुसरं, ज्योत चेहऱ्याच्या खाली असेल तर सावल्या वरच्या बाजूला जातात, हनुवटीखालचा भाग उजळतो, नाकाची सावली कपाळाकडे चढते, भुवईच्या वर अंधार येतो. आपल्या हाताला दिवसाच्या सावल्यांची इतकी सवय असते की समोर बघूनही चुकीची सावली काढली जाते. तिसरं, भिंतीवरच्या सावल्या पसरत मोठ्या होत जातात कारण उजेड एका बिंदूतून निघतो.

आता या स्केचवर पाचच टोन ठरवा. १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे पूर्ण काळोख. १ फक्त ज्योतीला आणि तिच्या लगतच्या एखाद्या छोट्या जागेला, जसं की पुस्तकाच्या पानाची कड. गालाला २. कपडे, टेबल ३. खोलीतलं सामान ४. उरलेलं सगळं ५. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा पांढरं तुमच्याकडे काही नाहीये, त्यामुळे गाल आणि ज्योत दोघांनाही तो दिला तर ज्योत मेलीच.

तपासा: स्केच भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून डोळे बारीक करून बघा. एकच उजळ पुंजका दिसला पाहिजे. दोन किंवा तीन दिसले तर अजून प्लेटला हात लावू नका.

पहिल्या प्लेटसाठी माझा आग्रह असा की ज्योत दाखवूच नका, ती हाताच्या, पुस्तकाच्या किंवा पाठमोऱ्या माणसाच्या आड ठेवा. मग सगळ्यात पांढरी जागा चेहऱ्याला देता येते आणि काम निम्म्याने सोपं होतं. अशा वेळी आड येणारी ती वस्तू अगदी काळी आकृती म्हणून येते आणि तिच्यामुळेच उजेड जास्त जाणवतो.

३. प्लेट

तांब्याचा पत्रा साधारण १ ते १.२ मिलिमीटर जाड, आकार १५ बाय १३ किंवा त्याहून लहान. मोठी प्लेट घेऊ नका, कारण प्रत्येक चौरस सेंटीमीटर रेषांनी भरायचाय, तोही तीन-चार वेळा.

कडा फाइलने ४५ अंशात उतरवा, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि वरचं लोकरीचं ब्लँकेट दोन्ही कापले जातात. मग वॉटरपेपर ६००, १०००, १५००, २००० या क्रमाने पाणी घालून, आणि शेवटी मेटल पॉलिश. दिवसाच्या दृश्यात बारीक ओरखडे खपून जातात, इथे खपत नाहीत, म्हणजे अंधारात ते कुणाला दिसणारही नाहीत पण ज्योतीच्या जागी प्लेट आरशासारखी हवीच, तिथे एक केसाएवढा ओरखडा राहिला तरी तो शाई धरतो आणि तुमचा एकुलता एक पांढरा मळतो. स्केचवरून ज्योत कुठे येणार ते मोजा आणि त्या जागेला पॉलिशचे जास्तीचे हात द्या.

त्यानंतर तेलकटपणा काढायचा. खडूची बारीक पावडर आणि थोडा अमोनिया, खिडकी उघडी ठेवून, कापडाने चोळा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा.

तपासा: प्लेट तिरकी धरा. पाण्याचा थर सलग उतरला तर स्वच्छ झाली. मधेच फाटला, थेंब थेंब झाले तर परत चोळा. यानंतर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायची.

४. ग्राउंड आणि काजळी

हार्ड ग्राउंडचा (प्लेटला केमिकलपासून वाचवणारा मेणाचा थर) गोळा वापरत असाल तर प्लेट हॉटप्लेटवर एवढी गरम हवी की गोळा टेकवला की लगेच वितळेल पण धूर येणार नाही. चामड्याच्या रोलरने अगदी पातळ पसरवा, रंग बिनदुधाच्या चहासारखा दिसला की पुरे. जाड ग्राउंड सुईखाली कपच्या होऊन उडतो, विशेषतः रेषा एकमेकींना छेदतात तिथे, आणि आपल्याला तर हजारो ठिकाणी छेदायच्यात.

आता काजळी. चार-पाच पातळ मेणबत्त्या एकत्र पिळून एक जाड वात करा, प्लेट हँड-व्हाइसमध्ये पकडून उलटी धरा म्हणजे ग्राउंड खाली, आणि ग्राउंड अजून कोमट असतानाच ज्योत खालून सतत फिरवत रहा. ज्योतीचं टोक ग्राउंडला लागता कामा नये, काजळी बसेल इतकंच जवळ. एका जागी थांबलात की तिथे ग्राउंड जळतो.

सावध: केस बांधा, ओढणी किंवा सिंथेटिक कपडे नकोत, आणि टर्पेंटाइन, थिनर, स्पिरिट हे सगळं त्या खोलीतून बाहेर ठेवा.

तपासा: थंड झाल्यावर पृष्ठभाग चकचकीत काळा दिसला पाहिजे. मॅट, पावडरसारखा दिसला तर जळलाय, तो पुसून परत लावा, त्याच्यावर काम रेटू नका कारण तो भाग बाथमध्ये हमखास उखडतो.

काळ्या प्लेटवर सुई फिरवली की रेषा तांब्याची चमकते, जणू काळ्यावर उजेड काढतोय असं वाटतं. इथेच हात फसतो. ती चमकणारी रेषा कागदावर काळी येणार आहे. दिसायला प्लेटवर सगळ्यात लख्ख भाग तो छापल्यावर सगळ्यात अंधारा, आणि ज्या जागेला तुम्ही हातच लावला नाही ती ज्योत. हे माहीत असूनही तासाभराच्या कामानंतर हात आपोआप ज्योतीभोवती किरण ओढायला लागतो, आणि ते किरण छापून काळे काटे होतात. म्हणून ज्योतीच्या जागेवर सुरुवातीलाच ब्रशने स्टॉप-आउट म्हणजे केमिकल अडवणाऱ्या व्हार्निशचा एक ठिपका लावून टाका. तिथे मग सुई जाणार नाही.

५. चित्र प्लेटवर उतरवणं

छापताना उजवं डावं होतं. तुम्ही काढलेला उजव्या हाताने लिहिणारा माणूस छापून डावखुरा होतो. सोपा उपाय असा की ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने चित्र काढा, पेन्सिलची बाजू ग्राउंडवर ठेवा आणि प्रेसमधून अगदी हलक्या दाबाने एकदा काढा. काजळीवर पेन्सिलच्या रेषा रुपेरी दिसतात, त्या उलट्या असतात, आणि छापल्यावर परत सुलट्या होतात. काम करताना मूळ स्केच आरशात बघत चला.

फक्त मुख्य आकारांच्या जागा उतरवा. बाह्यरेषा सगळीकडून पूर्ण काढायचा मोह होतो, तो आवरा. अंधाराच्या बाजूची कड या टप्प्यावर काढलीच नाही तर उत्तम, ती पुढे आजूबाजूच्या रेषांच्या जाळीतून आपोआप ठरते.

६. टेस्ट स्ट्रिप

लोक हे सोडतात आणि मग सगळी प्लेट हीच टेस्ट होऊन बसते. त्याच पत्र्याची एक पट्टी घ्या, तोच ग्राउंड लावा, आणि तीन प्रकारे समांतर रेषा काढा: अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने, पाऊण मिलिमीटरच्या, आणि एक मिलिमीटरच्या. मग पट्टीचे भाग ५, १०, २०, ४० आणि ६० मिनिटांनी एकामागून एक व्हार्निशने झाकत जा. छापून बघा.

या पट्टीत तुम्हाला राखाडी अंधाराचं कारण डोळ्यांनी दिसेल. जवळजवळच्या रेषा जास्त वेळ खाल्ल्या गेल्या की त्या खाली जातात तशा बाजूलाही रुंदावतात, मधल्या भिंती कोसळतात, आणि रेषांच्या जागी एक रुंद उथळ खड्डा उरतो. शाई अरुंद खाचेत टिकते, रुंद खड्ड्यातून पुसताना निघून जाते. म्हणून तो भाग राखाडी छापतो आणि कडेने फक्त काळी किनार. अजून वेळ दिला तर खड्डा अजून रुंद. ज्यांची प्लेट अशी फसलीय त्यांनी बाथमधला वेळ वाढवायचा नसतो, थर वाढवायचे असतात.

७. पहिला थर

टोन ३, ४ आणि ५ च्या सगळ्या भागांवर एकाच दिशेच्या रेषा घ्या, अंतर पाऊण मिलिमीटरच्या आसपास. भिंतीवर तिरक्या, जमिनीवर आडव्या, कपड्यांवर घडीच्या वळणाने. सुईने तांबं खोदायचं नाही, फक्त ग्राउंड उघडायचा, हात हलका ठेवा. रेषा मोजपट्टीने आखल्यासारख्या नकोत, थोड्या थरथरत्या, मधेच तुटणाऱ्या चालतात.

टोन २ ला म्हणजे गालाला आत्ता फक्त बारीक तुटक रेषा आणि ठिपके, तेही ज्योतीपासून लांबच्या बाजूने सुरू करून जवळ येता येता विरळ.

मग बाथ. तांब्याला फेरिक क्लोराइड, ४० ते ४२ बोमे (सोल्युशनच्या दाटपणाचं माप). प्लेटच्या मागच्या बाजूला आणि कडांना व्हार्निश किंवा टेप लावलाय ना ते बघा. प्लेट उलटी सोडा, चारही कोपऱ्यांना टेपचे छोटे पाय करून, कारण फेरिकमध्ये रेषांत गाळ साचतो आणि तो खाणं थांबवतो, उलटी असली की गाळ खाली पडतो. सोल्युशन गडद असतं, आत काय चाललंय ते दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका, घड्याळ लावा. पहिल्या थराला टेस्ट स्ट्रिपवर जिथे रेषा स्वच्छ काळी पण बारीक आली तेवढाच वेळ, माझ्या हिशोबाने हा बहुतेक १० ते १५ मिनिटांच्या आत बसतो. एप्रिल-मे मध्ये बाथ गरम असतो तेव्हा याहून लवकर होतं, थंडीत उशिरा, म्हणून प्रत्येक मोसमात नवी पट्टी करा.

सावध: ग्लोव्हज, चष्मा, एप्रन. डाग कपड्यावरून जात नाहीत. झिंकची प्लेट चुकूनही या बाथमध्ये टाकू नका, जोरात रिअ‍ॅक्शन होते, सोल्युशन तापतं आणि गॅस निघतो. वापरलेलं फेरिक बेसिनमध्ये ओतू नका, ते धातूचे पाइप खातं आणि त्यात तांबं विरघळलेलं असतं. वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत खायचा सोडा थोडा थोडा घालत फेस थांबेपर्यंत न्यूट्रल करा, आणि खाली बसलेला गाळ घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

बाहेर काढल्यावर भरपूर पाणी, मग मीठ घातलेल्या व्हिनेगरने रेषांतला गाळ काढा, परत पाणी. ग्राउंड उतरवा आणि पहिलं प्रूफ म्हणजे चाचणीची प्रत छापा.

तपासा: या प्रूफमध्ये चित्र संध्याकाळचं दिसलं पाहिजे, रात्रीचं नाही. आत्ताच रात्र दिसत असेल तर जास्त खाल्लं गेलंय.

८. दुसरा आणि तिसरा थर

परत ग्राउंड लावा, पण यावेळी काजळी नको. ग्राउंड पारदर्शक हवा म्हणजे जुन्या रेषा खाली दिसतील. तो जुन्या खाचांत नीट उतरला पाहिजे, रोलर दोन-तीन दिशांनी फिरवा, नाहीतर झाकायच्या राहिलेल्या जुन्या रेषा दुसऱ्यांदा खाल्ल्या जातात आणि परत तेच, खड्डे.

दुसरा थर फक्त टोन ४ आणि ५ वर. नव्या रेषा जुन्यांना २०-३० अंशांच्या कोनात छेदू द्या. काटकोनात छेदल्या की जाळीचं कापड लावल्यासारखं दिसतं आणि डोळा त्या चौकटींवरच अडकतो. तिसरा थर फक्त ५ वर, आणखी वेगळ्या कोनात. प्रत्येक थरानंतर प्रूफ, प्रत्येक प्रूफवर पेन्सिलने तारीख आणि थराचा नंबर. हे कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. रेम्ब्रांटच्या रात्रीच्या प्लेट्स, म्हणजे १६५१ चं कंदील घेऊन इजिप्तकडे निघालेलं कुटुंब किंवा १६५२ च्या आसपासचं मेंढपाळांचं चित्र, वेगवेगळ्या स्टेट्समध्ये म्हणजे टप्प्याटप्प्याच्या प्रतींमध्ये शेजारीशेजारी ठेवून बघा, तोही प्लेट बदलत बदलत, छापून बघत पुढे गेलाय.

सगळ्यात काळा भाग चौकटीच्या कोपऱ्यात नको, ज्योतीच्या जवळ हवा. आड आलेला हात, मेणबत्तीदाणीचा तळ, पाठमोरा खांदा, हे ५ आणि त्याला लागूनच १. कोपरे ४ वर सोडले तरी चालतात.

९. ड्रायपॉइंट आणि घासणं

तीन थरांनंतरही दोन-तीन जागी मखमली काळा हवा असतो, तो ड्रायपॉइंटने आणायचा. टणक टोकदार सुई थेट तांब्यावर दाबून ओढायची, कडेला धातूचा जो बर (खरखरीत कंगोरा) उठतो तो शाई धरून ठेवतो आणि रेषा मऊ, पसरट काळी येते. तो बर खरवडू नका. पण लक्षात ठेवा की प्रेसच्या दाबाने तो लवकर झिजतो, पहिल्या मोजक्या प्रतीच भरदार येतात. त्यामुळे ड्रायपॉइंट सगळ्यात शेवटी, प्रूफ काढून काढून तो आधीच संपवू नका.

उजेड परत आणायचा असेल तर बर्निशर, म्हणजे गुळगुळीत टोकाचं धातूचं हत्यार. थेंबभर तेल टाकून ज्योतीभोवतीच्या रेषा हळूहळू दाबत उथळ करायच्या, म्हणजे त्या कमी शाई घेतात आणि एक मऊ वलय मिळतं. वलय ज्योतीपासून बाहेर जाताना विरत गेलं पाहिजे, कडा दिसता कामा नये. खूप खोल रेषा आधी स्क्रेपरने उतरवून मग बर्निश करा.

१०. कागद, शाई, पुसणं

कागद कॉटनचा, २५० ते ३०० जीएसएम, पाण्यात अर्धा तास, मग ब्लॉटरमध्ये (टीपकागदात) दाबून. पृष्ठभागावर पाण्याची चमक असेल तर अजून ओला आहे. पातळ जपानी कागदावर रात्रीची दृश्यं फार सुंदर येतात, रेम्ब्रांटनेही तो वापरलाय, पण तो पाण्यात बुडवायचा नसतो, ओलसर ब्लॉटर्सच्या मधे ठेवून दमट करायचा. पावसाळ्यात आपल्याकडे ओल्या कागदाच्या गठ्ठ्याला एक-दोन दिवसांत बुरशी येते, तेव्हा लागेल तेवढाच भिजवा.

शाई काळी, त्यात किंचित बर्न्ट अंबर. निव्वळ निळसर काळा मेणबत्तीला थंड करतो. प्लेट कोमट करून शाई खाचांत नीट दाबून भरा, टारलॅटनने (कडक जाळीदार कापड) गोल गोल पुसा, मग तळहाताला खडूची पावडर लावून हलके हात.

इथून पुढचं या विषयापुरतं खास आहे. प्लेट पूर्ण स्वच्छ पुसू नका. अंधाराच्या भागावर शाईचा एक पातळ पडदा राहू द्या, चेहऱ्याकडे येता येता तो कमी करत या, आणि ज्योतीची जागा मात्र बोटाला गुंडाळलेल्या स्वच्छ कापडाने किंवा कानात घालायच्या कापसाच्या काडीने पूर्ण कोरी करा. १६५० नंतरच्या रात्रीच्या प्रिंट्समध्ये रेम्ब्रांटने हे पुष्कळ केलंय, एकाच प्लेटच्या दोन प्रतींमध्ये रात्र वेगवेगळी दिसते ती त्यामुळे. पण हा पडदा फार तर हलका राखाडी देतो. ज्या प्लेटमध्ये रेषांचा अंधार नाही तिथे नुसती शाई ठेवून रात्र होत नाही, फक्त मळकट होतं, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

तपासा: पुसलेली प्लेट खिडकीकडे तिरकी धरून बघा. ज्योत तांब्यासारखी चमकतेय, गालावर धूसरपणा आहे, कोपरे काळपट आहेत, मग कागद ठेवा.

छापून झाल्यावर प्रिंट ब्लॉटर्समध्ये, वर सपाट फळी आणि वजन, ब्लॉटर रोज बदलायचे.

फसलेली प्लेट कशी वाचवायची

राखाडी खड्डे पडलेच असतील तर प्लेट टाकू नका. त्या भागावर परत ग्राउंड लावून खड्ड्याच्या तळातच नव्या बारीक, विरळ रेषा काढा आणि थोडाच वेळ खाऊ द्या. खड्ड्याला आतून खाच मिळाली की तो शाई धरतो. छोटा भाग असेल तर ड्रायपॉइंटनेही काम भागतं.

ज्योतीच्या जागी ग्राउंड फुटून ठिपके पडले असतील तर स्क्रेपर, बर्निशर, मग बारीक पॉलिश, या क्रमाने. खूप खोल असेल तर मागून हलकेच ठोकून ती जागा वर आणावी लागते, ते जाणकाराकडून करून घ्या.

अख्खं चित्र सारखंच काळं झालं असेल तर सगळं उजळवायला जाऊ नका. ज्योतीजवळची एकच जागा निवडा, पान किंवा गाल, आणि फक्त तीच बर्निश करा.

मेझोटिंट कधी घ्यावं

ज्यांना रेषाच नको, नुसता मऊ उजेड हवाय, त्यांनी मेझोटिंट करावं. त्यात सगळं उलटं असतं, आधी रॉकरने (दातेरी, वक्र पात्याचं हत्यार) पूर्ण प्लेट खरखरीत करून ती सलग काळी छापेल अशी करायची आणि मग बर्निशरने उजेड खोदून काढायचा, ज्योत सगळ्यात गुळगुळीत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वालेरां व्हायां हा चित्रकार १६७७ मध्ये वारला, तोवर त्याने याच पद्धतीत भरपूर काम केलं, त्याची प्रिंट्स बघा. रॉकर निरनिराळ्या दिशांनी पुनःपुन्हा फिरवावा लागतो, इंचाला ६५ किंवा ८५ दातांचा रॉकर घेऊन तळहाताएवढी प्लेट तयार करायलाही कित्येक तास जातात, आणि घाईने रॉक केलेल्या प्लेटमध्ये पांढऱ्या रेघा राहतात त्या शेवटपर्यंत दिसतात. छापून बघा, सलग काळं आलं तरच बर्निशर हातात घ्या. एकच चेहरा आणि एकच ज्योत असं चित्र असेल तर मेझोटिंट घ्या, खोली, भांडीकुंडी, चार माणसं, भिंतीवरच्या सावल्या असं सगळं असेल तर वरचं एचिंगच बरं पडतं, कारण बारीक सामान रेषेत लवकर ओळखू येतं.